बाटलीमागची चिठ्ठी

टॉवेलचे चौदा कंटेनर वेळेत पोचले
म्हणून इग्नासियोनं ही पाठवली.
शेठच्या गळ्यात माळ. त्यांनी बोटही लावलं नाही.
मग ती सॅम्पल रूममधून, टेरीच्या दोन तुकड्यांत गुंडाळून,
माझ्या डब्याच्या पिशवीत बसून
अक्कलकोट रोडनं दाजी पेठेत आली.

बूच काढायलाही हत्यार लागतं, हे घरी आल्यावर कळलं.
नान्नांनी एक लांब स्क्रू फिरवला, पक्कड लावली,
आणि जुन्या जॉबरचा हात ओळखून
ते निमूट बाहेर आलं.

मागच्या चिठ्ठीवर सगळं स्पॅनिश.
मी मोबाईल धरला, तो सांगत गेला:
रिओहा. टेम्प्रानिलो.
पिकलेली चेरी. कमावलेलं चामडं.
ओकचं लाकूड. शेवटाला तंबाखू.

चेरी आमच्याकडं केकवरची,
आणि ती करवंद असते हे पोरांनाही ठाऊक.
मला जांभूळ लागलं,
दोन दिवस उन्हात राहून सुरकुतलेलं,
गोडी आटल्यावर बीभोवती उरतं तेवढंच.

चामडं म्हटल्यावर नान्ना थांबले.
घोट जिभेवर तसाच धरून
मागं कुठंतरी गेले,
जिथं तेलात मुरत ठेवलेले पिकर असायचे,
म्हशीच्या कातड्याचे,
धोट्याला रात्रभर इकडून तिकडं हाणणारे.
"हाय बे," म्हणाले, "नव्या पिकरचा वास हाय.
आणि लाकूड म्हणतूस ते धोट्याचं. तापलेलं."

शेंगाचटणीनं मात्र घात केला.
लसूण, तिखट, तेल सुटेस्तोवर उखळात कुटलेली;
तिच्यामागं घोट घेतला
तर मिरचीच पेटली नुसती,
स्पेन कुठं गेला कळलं नाही.
दातांवर तेवढा तुरटपणा राहिला,
कच्चा पेरू चावल्यासारखा.

चिठ्ठी म्हणते, भाजलेलं कोकरू, मुरलेलं चीज.
चीज नव्हतं.
बोकडाची कलेजी होती, मिठामिऱ्यात परतलेली,
कडेला चरबी अजून चुरचुरत,
आणि तीळ लावलेली कडक भाकरी,
मोडताना शेजाऱ्याला ऐकू जाणारी.
त्या चरबीनं तुरटपणाचे दातच पाडले.
घोट एकदम रुंद झाला,
तळातून गोडसर काहीतरी वर आलं,
नान्ना माझ्याकडं बघून हसले.
आम्ही दोघं असे शेवटचं कधी हसलो
मला आठवत नाही.

अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली.
"ह्यात तंबाखू आहे म्हणे," मी म्हणालो, "तू सांग.
तुझ्याएवढं कुणाला कळणार?"
तिनं वाटी हुंगली.
एक घोट घेतला, औषधाचा घ्यावा तसा.
"पाण्याला हाच वास येतो मला. भाताला हाच.
तू तान्हा होतास, तुझ्या टाळूला हाच यायचा.
ह्यात लिवायसारखं काय हाय?"
आणि हातातली विडी वळली,
दोरा गुंडाळला,
तोंड नखानं दाबून बंद केलं.

पंखा फिरत राहिला.
नान्नांनी सांडलेला थेंब टेरीच्या तुकड्यानं टिपला,
नळाखाली चोळला, ट्यूबकडं धरला.
"कच्चा रंग," म्हणाले.

इग्नासियोचा मेल आलाय.
कशी वाटली? कशाबरोबर घेतली?
कलेजी लिहिली. कडक भाकरीला
तीन वेळा वेगवेगळे शब्द लिहून खोडले,
शेवटी फोटो जोडला.
तंबाखूपाशी बोट थांबलं.
मग लिहिलं: हो, येते. शेवटाला.

बाटली अम्मानं ठेवून घेतली.
तिला कुठलंसं प्लास्टिकचं झाकण बसवलं,
खिळा तापवून पाच भोकं पाडली.
रोज पहाटे ती तेंदूच्या पानांवर
तीच झटकून पाणी मारते,
चिठ्ठी भिजून निम्मी निघाली आहे,
पानं मऊ पडायला
अजून अर्धा तास लागेल.